गिरजीने माफी मागितली तो उन्हाळा

एप्रिल लागला की मला राग येतो. उन्हाचा नव्हे. यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने उन्हाबद्दल कुरकुर केली तर शेजारी हसतात. मला राग येतो तो कुलर बाहेर काढताना. जिन्याखालून ओढून काढलेली ती पत्र्याची पेटी, तिच्या तळाशी गेल्या वर्षीच्या पाण्याचा पांढरा थर, जाळ्यांमध्ये वाळून काळंठिक्कर पडलेलं गवत. नवरा बाजारातून नवीन गवत आणतो, मी ते जाळ्यांत बसवते, टाकी भरते, बटण दाबते. पहिल्या पाण्याने गवत भिजलं की जो वास घरभर पसरतो, तो पांढरकवड्यातल्या प्रत्येक घराला सुखाचा वाटतो. माझे दात आवळले जातात. एका उन्हाळ्यात आम्ही महिनाभर कुलर बंद ठेवून, दारंखिडक्या लावून, भिंतींना गाद्या टांगून एका खोलीत बसलो होतो आणि एका बाईकडून माफी मागून घेत होतो. तिने काहीही केलेलं नव्हतं.

यंदा कुलरचं गवत बदलत होते आणि प्रफुलचा फोन आला. दोन वर्षांनी. हात ओले होते, त्यामुळे पहिला फोन उचलला नाही. दुसरा उचलायला नको होता, पण उचलला.

"वैशाली, एक काम आहे," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय होणार नाही."

मागच्या वेळीही हेच वाक्य होतं.

प्रफुल कॉलेजात माझ्या वर्गात होता. वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचा. पुढे तीच चित्रं कॉम्प्युटरवर हलवायला शिकला आणि यवतमाळात दोन खोल्या भाड्याने घेऊन, लग्नांच्या व्हिडिओंतून वेळ काढून कार्टून करू लागला. मी शाळेत मराठी शिकवते. संवाद मी लिहायची. दोघांनी मिळून जे केलं त्याचं नाव 'गिरजीचा फाटा'. केळापूरच्या पुढे एक फाटा आहे असं आम्ही ठरवलं. फाट्यावर गिरजी नावाच्या बाईचं चहाचं हाटेल. समोर रस्त्यात 'कलेक्टर' नावाची म्हैस बसलेली. हाटेलाच्या आतल्या खोलीत गिरजीचा नवरा झोपलेला. तो कधी दिसत नाही, फक्त घोरणं ऐकू येतं. आणि बाकड्यावरचे सगळे एसटीची वाट पाहत आहेत. एसटी येत नाही.

एवढंच. अकरा मिनिटांचा एक भाग. येईल त्याच्याशी गिरजी भांडते. साहेब पाणी तपासायला येतो, विचारतो, "हे पाणी कुठलं?" गिरजी म्हणते, "ढगातलं. थ्याच्या आंधीचं मले माहीत नाई." भाग संपतो, म्हैस कान हलवते, पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा तसंच. एका मराठी चॅनलने ते दाखवायला घेतलं तेव्हा आम्हाला वाटलं, सहा महिने चालेल. अकरा वर्षं चाललं. माझ्या वर्गातली पोरं माझ्यासमोर गिरजीची वाक्यं म्हणायची आणि ती मी लिहिलेली आहेत हे पोरांना ठाऊक नसायचं. त्या सुखाला तोड नव्हती.

पण खरं सांगायचं तर ती वाक्यं माझी नव्हतीच. ती कौतिकामावशीची होती.

तिला मी पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात पहिल्यांदा ऐकलं. पाहिलं नंतर. गर्दीतून आवाज आला: "वांगं कायले दाबून पाहून राह्यला गा? नाडी लागते का थ्याची?" वांगी दाबणारा माणूस चांगला पँट-शर्टातला होता. तो ओशाळून म्हणाला, "पाहून घेतो ना बाई." त्यावर ती म्हणाली, "पाह्य नं. डोयानं पाह्य. डोये कायले देले?" मी दुपार होईपर्यंत तिच्या दुकानापाशी घुटमळत राहिले. शेवटी तिने मलाच विचारलं, "काय व माय, घेनं हाय का नुसती सावली खानं हाय?"

कौतिकामावशी केळापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दोन मुलगे, सुना. भाजी विकायची, चिंच फोडायची, भीमजयंतीला गावात गाणी म्हणायची. गिरजीचा आवाज म्हणून आम्ही तिलाच घेतलं. वाचायला येत होतं, पण अडखळत. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी मी वाक्य म्हणायची, ती ते एकदा तोंडात घोळवायची आणि परत द्यायची, तेव्हा ते निराळंच झालेलं असायचं. मी लिहिलेलं असायचं, "तुला काही कळतं का?" बाहेर यायचं, "तुले डोकं देलं का नुसतंच टोपी ठेवाले जागा देली?" मी मुकाट्याने वहीतलं खोडून तिचं वाक्य लिहायची. अकरा वर्षं हे चाललं आणि श्रेयनामावलीत 'संवाद' म्हणून माझं एकटीचं नाव जात राहिलं. तिने कधी म्हटलं नाही. मीही कधी म्हटलं नाही. माझ्या स्वतःवरच्या रागाची सुरुवात तिथून करायला हवी.

मग मुंबईची एक कंपनी आली. त्यांना 'गिरजीचा फाटा'वर मोठ्या पडद्याचा सिनेमा करायचा होता.

दिग्दर्शक डिसेंबरात आला. कापसाचे दिवस होते, रस्त्यांच्या कडेला बाभळींना कापूस अडकलेला. तो गाडीतून उतरला तेच विचारत, "खरं गाव कुठे आहे इथलं?" पस्तिशीचा, गोड बोलणारा, चुरगळलेला महागडा सदरा. मला तो पहिल्या क्षणापासून आवडला नाही असं लिहायला आज बरं वाटेल, पण ते खोटं आहे. त्याने मालिकेचे सगळे भाग पाहिले होते, माझी वाक्यं त्याला पाठ होती. मी भाळले.

यवतमाळच्या एका हॉटेलात आम्ही तीन दिवस बसलो.

"गिरजीला नेमकं हवंय काय?" त्याने विचारलं.

"काही नको आहे," मी म्हटलं. "लोकांनी बाकड्यावर पाय ठेवू नयेत, एवढंच."

"तसं नाही. आतून. तिची जखम काय आहे?"

प्रफुल माझ्याकडे बघू लागला. आम्ही अकरा वर्षांत गिरजीला जखम दिलेली नव्हती. आम्हाला तशी गरजच पडली नाही. ती भांडायची, कारण ती भांडण्यात हुशार होती. गवई गातो तशी.

"दोन तास लोक बसणार," दिग्दर्शक म्हणाला. "शेवटी ती तीच राहिली, तर लोक घरी काय घेऊन जाणार? तिने बदलायला हवं."

मग जखम ठरली. यवतमाळ म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला आमच्याबद्दल एकच दुःख माहीत असतं, तेच ठरलं. आतल्या खोलीत घोरणाऱ्या नवऱ्याला मारून टाकलं आणि हार घातलेला त्याचा फोटो हाटेलाच्या भिंतीवर टांगला. म्हणून गिरजी कडवट झाली. म्हणून सगळ्यांवर खेकसते. अकरा वर्षं आम्ही ज्याला हसलो, ते म्हणे तिचं रडणंच होतं. शेवटी ती मंदिरापुढे हात जोडून सगळ्या गावाची माफी मागते, आणि मग एसटी येते.

एसटी येते! मला आजही हे लिहिताना हात शिवशिवतात.

मालिका आणि सिनेमा यांत काय फरक असतो, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. अकरा मिनिटांच्या गोष्टीत कुणी काही शिकत नाही. भांडखोर भांडखोर राहतो, आळशी आळशी राहतो, म्हैस रस्त्यातच बसते. त्यामुळे ती माणसं घरातल्यासारखी होतात, कारण घरातलीही माणसं अशीच असतात. माझा नवरा वीस वर्षांत टॉवेल खुंटीला लावायला शिकलेला नाही. त्याच्या आयुष्याला कुणी दिशा द्यायला आलं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन. सिनेमावाल्यांना मात्र माणूस दुरुस्त करायचा असतो. त्यातही गरीब, काळी, वऱ्हाडी बोलणारी बाई मिळाली की दुरुस्तीचा हुरूप जास्त येतो.

हे मला तेव्हाच कळत होतं, हेच वाईट. तरी मी लिहिलं. तो माफीचा प्रसंग मी लिहिला, दुसऱ्या कुणी नाही. घटक चाचणीचे पेपर तपासून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून, हुंदक्यांच्या जागी टिंबं देऊन लिहिला. शाळेच्या शिक्षक-खोलीत लोक म्हणतील, "मॅडमचा सिनेमा आला," हे मला ऐकू येत होतं.

भाषाही मीच धुतली. "पुण्यामुंबईत कळलं पाहिजे," कंपनीचं म्हणणं. मी 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं. वऱ्हाडी अगदीच सोडून द्यायला त्यांचं मन होईना. 'चव' हवी होती. मग त्यांनी ती म्हशीला दिली. अकरा वर्षं जी म्हैस एक शब्द बोलली नाही, आणि न बोलण्यातच जिचा सगळा विनोद होता, ती सिनेमात वऱ्हाडी बोलू लागली. नाचूही लागली. आमची भाषा जनावराच्या तोंडी घातली आणि मी कागदावर बरोबरची खूण करून "चालेल" म्हटलं.

रेकॉर्डिंग मे महिन्यात झालं, प्रफुलच्याच खोलीत. बाहेर यवतमाळ तापून पांढरं पडलेलं. रस्त्यावर एखादंच तोंडाला दुपट्टा बांधलेलं माणूस. खोलीत पंखा बंद, कुलर बंद, कारण त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. गाद्यांच्या भिंती उष्णता धरून ठेवत होत्या. कौतिकामावशी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन माइकसमोर उभी राहायची. अर्ध्या तासात टॉवेल कोरडा. काचेपलीकडच्या खोलीत दिग्दर्शक बसायचा. तिथे कुलर चालू असायचा.

फोटो झालेल्या नवऱ्याचं कळलं तेव्हा मावशी हसली होती. "माहा तं जित्ता हाय. थ्याले काय सांगू आता, मेला म्हनून?" भाषा बदलल्यावर कपाळाला आठी पडली, पण बोलली. ती काम चोख करणारी बाई होती. शब्द दिला की दिला. माफीच्या प्रसंगाशी मात्र ती थांबली.

मी वाक्य म्हटलं, "माफ करा मला. माझ्या जिभेनं मी सगळ्यांना दुखावलं."

"वैशाली," ती म्हणाली, "हे तूच लिवलं का व?"

"हो मावशी."

"कायले मांगते थे माफी? केलं काय तिनं?"

"सिनेमात तसं लागते," मी म्हटलं.

"आन् हे देवापुढं हात जोडनं? मी नाई जोडत, हे सोड. मी बोलीन, बोलायचे शब्द बोलाले काय होते. पन गिरजी जोडन का? अकरा वर्सात तिनं कोनाले जोडले?"

काचेपलीकडून आवाज आला, "मावशी, करून तर बघू. थोडं रडून."

तिने केलं. दहा-बारा वेळा केलं. दर वेळी ती माफी धमकीसारखी बाहेर यायची. "माफ करा मला," ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आता ही पातेलं फेकून मारते. प्रफुल हसला. मीही हसले. दिग्दर्शक हसला नाही. "हे विनोदी होतंय," तो म्हणाला.

मावशीने टॉवेल काढून पिळल्यासारखा केला. त्यात पाणी नव्हतंच. डोळे मिटून जराशी उभी राहिली. मग तिने ते वाक्य म्हटलं. हळू, सपाट, कसलाही हुंदका न काढता. "माफ करा मले. माह्या जिभेनं मी साऱ्याइले दुखवलं." माझं लिहिलेलं खोटं वाक्य तिच्या तोंडातून खरं होऊन आलं. प्रफुलने कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"छान आहे," दिग्दर्शक म्हणाला. "पण 'मले' झालं. आणि 'साऱ्याइले' काय? एकदा शुद्धमध्ये घेऊ."

शुद्धमध्ये ते परत आलं नाही. संध्याकाळपर्यंत घेत राहिले, आलं नाही.

नळावर तोंड धुताना मी तिला विचारलं, "मघाचं कसं बोलली व मावशी?"

"माह्या मायची आठवन केली," ती म्हणाली. "तिले मी लय बोलली व, वैशाली. माफी मांगाची राहून गेली." मग पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "थे गिरजीच्या नावानं देऊन टाकलं. नीट ठेवजो म्हना."

नीट ठेवलं नाही. पुढच्या मार्चमध्ये, सिनेमा लागायला दोन महिने असताना, प्रफुलने मला फोन करून सांगितलं की कंपनीने गिरजीचा आवाज बदलला. मुंबईच्या एका नटीकडून सगळं नव्याने रेकॉर्ड करून घेतलं. तिचं नाव पोस्टरवर चालतं.

"मावशीला तू सांग," तो म्हणाला. "तुझं जास्त ऐकते."

"तुझ्या खोलीत झालंय, तू सांग," मी म्हटलं.

आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. मी परीक्षेचे पेपर तपासत होते, हे कारण. तिने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, हे कारण. खरं कारण असं, की तिने कंपनीला फोन लावून तमाशा केला असता आणि त्यात 'संवाद' या शब्दापुढचं माझं नाव अडकलं असतं. त्या दोन महिन्यांत मी तिच्याकडे तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला तिने रसाळी केली होती. आमरस, काडीवर वळलेले सरगुंडे, कुरड्या. मी दोन वाट्या रस प्याले. "तू वाळून गेली व," असं म्हणत तिने तिसरी वाटी वाढली. तीही प्याले.

सिनेमा यवतमाळला लागला त्या दिवशी मावशी घरादारासह आली. काळीपिवळी जीप ठरवून, अकरा जण. तिने मोतिया रंगाचं नवीन लुगडं नेसलं होतं. दुपारचा खेळ. थिएटरातला गारवा लागून सुना खुश झालेल्या. मला तिच्या शेजारी बसवलं. मी काहीतरी कारण काढून कडेला बसायला बघत होते, तिने हात धरून ठेवला.

पडद्यावर फाटा आला. म्हैस आली. मावशीच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. मग गिरजी दारातून बाहेर आली, पदर खोचला आणि बोलली.

माझ्या मनगटावरची बोटं घट्ट झाली. मग सैल झाली. मग हात तिथे नव्हता.

कुणीतरी लाडाने, खोट्या ठसक्यात, वऱ्हाडी माणसाची नक्कल केल्यासारखं बोलत होतं. मधूनच एखादा 'बाप्पा' टाकत होतं. मागून तिच्या धाकट्या मुलाचा आवाज आला, "माय, हा तुहा आवाज नोहे." मोठी सून हळूच म्हणाली, "पुढं येत असन." सगळे वाट पाहत बसले. दोन तास ती अकरा माणसं त्या आवाजाची वाट पाहत बसली, आणि ते त्यांच्याबरोबर बसून मी पाहिलं. मध्यंतरात मावशी जागेवरून उठली नाही. शेवटी मंदिर आलं, हात जोडले गेले, हुंदके आले. मी टिंबं दिली होती तिथे तिथे आले. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. एसटी आली.

बाहेर आलो तर ऊन तोंडावर थापड मारल्यासारखं. मावशीने माणसांना गाडीत बसवलं. मग माझ्याकडे वळली.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"मार्चपासून."

"परवा रसाळी खाऊन गेली तू," ती म्हणाली.

आणि गाडीत बसली.

ती ओरडली असती तर मी वाचले असते. तिच्या ओरडण्याची मला अकरा वर्षांची सवय होती. मी ते वहीत उतरवून घेतलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच संपलं. सिनेमा काही आठवडे चालला. आमच्या शाळेत माझा सत्कार झाला, शाल दिली; ती मी वापरत नाही. मालिका बंद पडली. गिरजी एकदा शहाणी झाल्यावर पुढच्या आठवड्यात तिने काय करायचं? नव्या आवाजात, नव्या भाषेत काही भाग काढून पाहिले. बोलकी म्हैसही त्यांना वाचवू शकली नाही. प्रफुल आणि मी बोलेनासे झालो. भांडलोसुद्धा नाही. एकमेकांचं तोंड पाहिलं की आपलंच दिसायचं.

आणि आता, दोन वर्षांनी, कुलरचं गवत बदलताना हा फोन. लोक मोबाइलवर जुने भाग शोधून शोधून पाहतात, असं कंपनीच्या ध्यानात आलं होतं. त्यांना मालिका जुन्यासारखी पुन्हा सुरू करायची होती. तीच गिरजी, तीच वऱ्हाडी. आणि तोच आवाज.

"मावशी तयार आहे?" मी विचारलं.

"तिला यायची गरजच नाही," प्रफुल म्हणाला. "अकरा वर्षांचं रेकॉर्डिंग आहे. त्यावरून कॉम्प्युटर तिचा आवाज तयार करतो. आपण लिहून द्यायचं, तो बोलतो. फक्त तिची सही लागते. मानधन चांगलं आहे, वैशाली, तिच्यासाठी चांगलं आहे. लिहिणार तूच."

"तू जा ना सही घ्यायला."

"मला ती दारात उभं करणार नाही."

"आणि मला करेल?"

तो म्हणाला, "तुला करेल."

कागद दोन दिवसांनी आला. मी जायचं की नाही यावर आठवडाभर स्वतःशी भांडले. या वेळी तिला निदान आधी कळावं, म्हणून गेले. असं मी स्वतःला सांगितलं. मे लागला होता. दुपारी काळीपिवळीतून उतरून गावापर्यंत चालत गेले. कापूस वेचून उलंगलेल्या पऱ्हाटीची शेतं दोन्ही बाजूंना उघडीबोडकी पडलेली, डांबर चपलेला चिकटत होतं, पळस पानांनी भरून गेलेला. वाटेत एक माणूस भेटला नाही.

मावशी ओसरीत चिंच फोडत बसली होती. केस पिकलेत. मी म्हटलं, "जय भीम, मावशी."

"जय भीम," ती म्हणाली. "बसा."

बसा. अकरा वर्षं मला 'तू' म्हणणारी बाई. मी बसले.

कागद वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही. प्रत्येक कलम आमच्या बोलीत समजावून सांगितलं. ती चिंचेची बोटुकं ठोकत ऐकत होती. चिंचोके टोपलीत पडत होते.

"माहाच आवाज?"

"तुमचाच."

"मी न बोलता?"

"हो."

"मंग थो काय बोलन? मी बोललेलंच, का मनचं?"

"जे लिहून देतील ते."

हात थांबला. "म्हन्जे उद्या माह्या आवाजात गिरजी माफीबी मांगन."

"लिहिलं तर मागेल."

"देवापुढं?"

"लिहिलं तर."

"आन् मी मेल्यावर?"

कागदात तेही होतं. मी ते वाचलं होतं, पण तिने विचारेपर्यंत त्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला नव्हता. "तेव्हाही," मी म्हटलं.

"लिवनार कोन हाय?"

"मला विचारलंय."

"तुमी काय म्हनलं?"

मी खाली बघितलं. ओसरीच्या शेणाच्या सारवणावर मुंग्यांची रांग होती. "अजून काही म्हटलं नाही," मी म्हणाले.

मावशी हसली. त्या हसण्यात माझ्यासाठी काहीही नव्हतं. "अजून 'नाई' म्हनलं नाई," ती म्हणाली. कागद माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा. सही होत नाई माही. तुमाले सोताच्या तोंडानं नाई म्हनता येत नसन, तं माहं नाव सांगा. म्हना, कौतिकाबाई नाई म्हनते."

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. काहीतरी बोलायला हवं होतं. माफीच मागायला हवी होती. मी ती उन्हातून चालत येताना जुळवलीही होती, शब्दन्शब्द. पण तिच्यासमोर माफीचं वाक्य उच्चारायची मला हिंमत झाली नाही. माझी माफी लिहिलेली असते हे तिला माहीत होतं.

"येते," मी म्हटलं.

"या," ती म्हणाली, आणि चिंच उचलली.

रस्त्याला लागल्यावर प्रफुलला फोन लावला. सावली कुठेच नव्हती. उभ्या उभ्या बोलले.

"मावशी नाही म्हणाली," मी म्हटलं. "आणि मीही नाही म्हणते. तिचं राहू दे बाजूला, माझं 'नाही' वेगळं आहे."

"तू का?"

"कायले, काहून, कशासाठी, तुझ्या कंपनीला जे कळतं त्या भाषेत समजून घे," मी म्हणाले, आणि आवाज फाटला. जीभ टाळूला चिकटली होती, पुढचा शब्द निघेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मे महिन्यात आमच्याकडे दारात वैरी आला तरी आधी तांब्या पुढे येतो. मीटर पाहायला आलेल्या माणसाला देतात, रस्ता चुकलेल्याला देतात, नाव विचारायच्या आधी देतात. मावशीच्या ओसरीत माठ होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, माझ्यापासून दोन हातांवर. वर तांब्या पालथा घातलेला. मी तासभर तिथे बसले होते.

तिने मला पाणी विचारलं नाही. आणि कौतिकामावशी विसरणाऱ्यांतली नाही.